वेम्बली विकायला काढलं होतं तेव्हा: राष्ट्रीय फुटबॉल स्टेडियमच्या खासगी मालकीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल २०१८ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनपुढे तिचं लंडनमधलं वेम्बली स्टेडियम विकत घेण्याचा प्रस्ताव आला आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला गेला. प्रकरण सहा महिन्यांत मिटलं, पण त्यावरचे प्रश्न मिटलेले नाहीत. पॅरिस असो, रिओ असो की दिल्ली, हा विषय कुठे ना कुठे पुन्हा निघतोच. मी या विक्रीच्या विरोधात आहे, हे आधीच सांगतो. तरीही विकू म्हणणाऱ्यांच्या अडचणी खऱ्या होत्या, म्हणून त्यांची बाजूही इथे पुरती मांडली आहे.

नेमका प्रस्ताव काय होता?

शाहिद खान हे स्टेडियमसाठी ६० कोटी पौंड रोख देणार होते. ‘क्लब वेम्बली’ हा महागड्या आसनांचा आणि खानपानाचा व्यवसाय असोसिएशनकडेच राहणार होता. त्याची किंमत ३० कोटी पौंड धरली होती, म्हणून बातम्यांमध्ये व्यवहाराचा आकडा ९० कोटी असा दिसायचा. असोसिएशनच्या एफए कप स्पर्धेची अंतिम लढत वेम्बलीवरच होईल आणि वेम्बली हे नाव पुसलं जाणार नाही, असंही सांगितलं गेलं. असोसिएशनचे मुख्य कार्यकारी मार्टिन ग्लेन आणि अध्यक्ष ग्रेग क्लार्क या दोघांनी प्रस्तावाची बाजू उघडपणे लावून धरली होती.

शाहिद खान कोण, आणि त्यांना वेम्बली कशाला हवं होतं?

लाहोरमध्ये जन्मलेले, शिकायला अमेरिकेत गेलेले आणि मोटारींच्या सुट्या भागांच्या धंद्यात अब्जाधीश झालेले उद्योजक. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल जॅग्वार्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे ते मालक आहेत, आणि २०१३ पासून लंडनच्या फुलहॅम क्लबचेही.

जॅग्वार्स २०१३ पासून वर्षातला एक ‘घरचा’ सामना वेम्बलीवर खेळू लागले होते. अमेरिकन फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगला लंडनमध्ये पाय रोवायचे होते. उत्तर लंडनमध्ये टॉटनहॅम क्लबचं नवं स्टेडियम उभं राहत होतं. तिथे गवताचं मैदान बाजूला सरकवलं की खाली अमेरिकन फुटबॉलसाठी वेगळं मैदान तयार असतं. खान यांना लंडनमधलं आपलं स्थान पक्कं करायचं होतं आणि त्यांनी ते लपवलंही नाही. व्यापारी म्हणून त्यांचा हिशेब बरोबरच होता. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही, विकायला निघालेल्यांबद्दल आहे.

वेम्बली तर सरकारचं असेल ना? मग असोसिएशन ते कसं विकणार?

हा गैरसमज सर्रास आढळतो. वेम्बली सरकारचं नाही. असोसिएशनच्याच एका उपकंपनीच्या नावावर ते आहे. फक्त त्यात जनतेचा पैसा गुंतलेला आहे. २००७ मध्ये उघडलेलं ९०,००० आसनांचं नवं स्टेडियम उभारायला ७५ कोटी पौंडांहून अधिक खर्च आला. त्यातले १६.१ कोटी सार्वजनिक तिजोरीतून आले: स्पोर्ट इंग्लंड या सार्वजनिक क्रीडासंस्थेकडून राष्ट्रीय लॉटरीचे १२ कोटी, लंडनच्या विकास संस्थेचे २.१ कोटी आणि केंद्र सरकारच्या खात्याचे २ कोटी. बाकी बहुतेक पैसा कर्जाचा, आणि ते २०२४ पर्यंत फेडायचं होतं.

त्यामुळे कागदोपत्री असोसिएशनला विकण्याचा अधिकार होता, पण पैसे घालणाऱ्या सार्वजनिक संस्थांची संमती लागणार होती. संसदेच्या क्रीडाविषयक समितीने म्हणूनच जुलै २०१८ मध्ये सुनावणी घेतली.

जुनं वेम्बलीही खासगीच होतं म्हणतात. मग एवढा गहजब कशाला?

हे अगदी खरं आहे आणि विक्रीच्या समर्थकांचा हा सगळ्यात बळकट मुद्दा आहे.

जुनं स्टेडियम ब्रिटिश साम्राज्याच्या प्रदर्शनासाठी बांधलं होतं. २८ एप्रिल १९२३ ला तिथे बोल्टन वाँडरर्स आणि वेस्ट हॅम यांच्यात एफए कपची पहिली अंतिम लढत झाली. नोंदलेली प्रेक्षकसंख्या १,२६,०४७, पण आत घुसलेली माणसं त्याहून कितीतरी जास्त होती. गर्दी थेट मैदानात उतरली आणि बिली नावाच्या पांढऱ्या घोड्यावरच्या पोलिसाने ती हटवल्यावर खेळ सुरू झाला.

प्रदर्शन आटोपल्यावर ही वास्तू कुणालाच नकोशी झाली. आर्थर एल्विन हा त्या प्रदर्शनात तंबाखूच्या टपरीवर काम केलेला माणूस. प्रदर्शनाच्या इमारती पाडून त्यांचं भंगार विकता विकता तो मोठा झाला आणि १९२७ मध्ये त्याने स्टेडियमच घेतलं. एल्विन नसता तर वेम्बली तेव्हाच जमीनदोस्त झालं असतं. १९४८ चं ऑलिम्पिक त्याच्याच काळात तिथे झालं. पुढेही मालकी खासगीच राहिली. १९९९ मध्ये लॉटरीच्या पैशातून, दहा कोटी पौंडांहून थोडी अधिक किंमत मोजून, ते खासगी कंपनीकडून विकत घ्यावं लागलं.

म्हणजे इंग्लंडचं फुटबॉल सत्तरेक वर्षं वेम्बलीत भाडेकरू म्हणूनच खेळलं. विक्रीचे समर्थक इथे थांबतात. पुढचा प्रश्नही वाचा.

मग त्या खासगी मालकीत बिघडलं काय?

एल्विनने स्टेडियम वाचवलं ते ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींवर. त्या शर्यतींचा गल्ला नियमित होता, फुटबॉलचे मोठे सामने वर्षातून मोजके. मालकासाठी कुत्रे हे रोजच्या कमाईचं साधन होतं आणि फुटबॉल सणावाराचा पाहुणा.

आता १९६६ चा विश्वचषक पाहा. यजमान इंग्लंड. इंग्लंडच्या गटाचे सामने वेम्बलीवर ठरलेले. उरुग्वे आणि फ्रान्सचा सामना १५ जुलैला, शुक्रवारी आला. शुक्रवार हा शर्यतींचा ठरलेला वार, आणि तो रद्द करायला मालकांनी नकार दिला. विश्वचषकाचा सामना हलवावा लागला! तो व्हाइट सिटी स्टेडियमवर झाला आणि उरुग्वेने २-१ असा जिंकला. पंधरा दिवसांनी, ३० जुलैला, इंग्लंडने त्याच वेम्बलीवर पश्चिम जर्मनीला ४-२ हरवून विश्वचषक उचलला. तो विजय सगळ्यांना आठवतो, शुक्रवारचा नकार फारसा कुणाला आठवत नाही.

माझं म्हणणं या एका प्रसंगावर उभं आहे. स्टेडियम विकताना काँक्रीट आणि कमान विकली जाते असं वाटतं, पण प्रत्यक्षात विकली जाते ती तारखांची वही. कुठल्या दिवशी काय होईल हे ठरवतो तो मालक, बाकी सगळे विनंती अर्ज करणारे.

वेम्बलीच्या बाबतीत या तारखा अक्षरशः मोजून मिळतात. आजूबाजूच्या रहिवाशांना त्रास होऊ नये म्हणून ब्रेंटच्या, म्हणजे वेम्बली ज्या भागात आहे तिथल्या, पालिकेने वर्षातल्या मोठ्या कार्यक्रमांच्या संख्येवर मर्यादा घातली आहे. २०१७ मध्ये टॉटनहॅमचा संघ तात्पुरता तिथे खेळायला आला तेव्हा ज्यादा सामन्यांसाठी पालिकेची वेगळी मंजुरी काढावी लागली होती. मोठ्या तारखा मोजक्या असतील तर त्यातली प्रत्येक तारीख कुणाच्या तरी हातून काढूनच दुसऱ्याला द्यावी लागते.

असोसिएशनला विकायचं तरी का होतं?

गावोगावच्या मैदानांसाठी. हे कारण बनावट नव्हतं.

इंग्लंडमधली हौशी फुटबॉलची मैदानं बहुतांशी स्थानिक पालिकांची. पूर्व लंडनमधलं हॅकनी मार्शेस घ्या. रविवारी सकाळी एकाला लागून एक सामने चालतात, तेही पालिकेचं. २०१० नंतर सरकारी काटकसरीत पालिकांचे हात बांधले गेले. उद्यानं आणि मैदानं यांवर खर्च करणं कायद्याने सक्तीचं नाही, म्हणून कात्री आधी तिथे चालली. पाणी न निचरणारी मैदानं, मोडक्या चेंजिंग रूम, पाऊस पडला की सामना रद्द. कृत्रिम गवताच्या मैदानांत इंग्लंड जर्मनीच्या खूप मागे होतं. पोरं भिजत उभी राहतात, पालक सामना रद्द झाल्याचा निरोप वाचून परत फिरतात, आणि दोन हिवाळे असे गेले की मूल दुसरा खेळ धरतं किंवा कुठलाच धरत नाही.

असोसिएशनचं म्हणणं होतं की विक्रीचा पैसा आम्ही याच मैदानांत घालू. स्टेडियम चालवणं हे आमचं मुख्य काम नाही, खेळ वाढवणं हे आहे.

हे तर पटण्यासारखं आहे. तरी विरोध?

निदान पटतं, उपाय पटत नाही. मैदानं खराब झाली ती वर्षानुवर्षं देखभालीचा पैसा आटला म्हणून. नवं कृत्रिम मैदान घातलं तरी दहाएक वर्षांत त्याचा गालिचा बदलावा लागतो. दरवर्षी लागणाऱ्या खर्चासाठी एकदाच विकता येणारी वस्तू विकणं म्हणजे शेताच्या खतासाठी शेताचाच तुकडा विकणं.

शिवाय वेळ पाहा. कर्ज फिटायला सहा वर्षं उरली होती. कर्ज डोक्यावर असताना इतकी वर्षं रेटलं आणि स्टेडियमची मिळकत मोकळी व्हायची वेळ जवळ आली तेव्हा सोडून द्यायचं, हा हिशेब मला कधीच कळला नाही.

करारात कडक अटी घातल्या असत्या तर?

अटी घातल्या जाणारच होत्या. पण अटी पहिल्या खरेदीदाराला बांधतात. पंचवीस वर्षांनी स्टेडियम त्याच्या वारसांकडे, एखाद्या गुंतवणूक निधीकडे किंवा कर्ज देणाऱ्या बँकेकडे गेलेलं असू शकतं. तेव्हा प्रत्येक अटीचा अर्थ न्यायालयात लागतो आणि तिथे ज्याच्याकडे पैसा आणि सवड जास्त त्याचं पारडं जड असतं.

अटींमध्ये मोठी नावं सहज बसतात: एफए कप, इंग्लंडचे सामने. मला काळजी वाटते ती लहान नावांची. २०१६ पासून वेम्बलीवर एका दिवशी एफए ट्रॉफी आणि एफए व्हाज या दोन स्पर्धांच्या अंतिम लढती एकापाठोपाठ होतात. व्हाजमध्ये खेळतात ते इंग्लंडच्या फुटबॉलच्या उतरंडीत खूप खालचे संघ. आठवडाभर नोकरी करून शनिवारी खेळणारी माणसं. त्यांचं अर्धं गाव त्या दिवशी वेम्बलीत येऊन बसतं. महिलांच्या एफए कपची अंतिम लढत २०१५ मध्ये पहिल्यांदा वेम्बलीवर झाली तेव्हा प्रेक्षक होते ३०,७१०, म्हणजे दोन तृतीयांश स्टेडियम रिकामं. निव्वळ गल्ला पाहणाऱ्या मालकाने ती तारीख दिली असती? ती दिली गेली म्हणून ३१ जुलै २०२२ ला महिलांच्या युरो स्पर्धेच्या अंतिम लढतीला ८७,१९२ माणसं आली आणि इंग्लंडच्या मुलींनी जर्मनीला हरवलं. सात वर्षं कळ काढायची तयारी खेळाच्या संस्थेकडे असते, कारण तिचं कामच ते.

विक्री झाली असती तर इंग्लंडचा संघ शरद ऋतूत देशभर फिरून खेळला असता. ते चांगलंच नाही का?

चांगलंच. अमेरिकन फुटबॉलचा हंगाम शरदात असल्यामुळे त्या महिन्यांतले इंग्लंडचे सामने इतर शहरांत न्यावे लागले असते. जुनं स्टेडियम पाडून नवं होईपर्यंत, २००० ते २००७ या काळात, संघ असाच फिरला आणि मँचेस्टर, न्यूकॅसल, लिव्हरपूलच्या लोकांना तो आपापल्या शहरात पाहायला मिळाला. उत्तरेकडच्या चाहत्यांना तो काळ अजून आवडतो आणि त्यांचं बरोबर आहे. पण संघाला फिरवायचं तर आजही फिरवता येतं, त्यासाठी स्टेडियम विकावं लागत नाही. आपण होऊन बाहेर जाणं आणि जागा रिकामी नाही म्हणून बाहेर जाणं यात फरक आहे.

खासगी मालक स्टेडियम जास्त चांगलं चालवतो, हे तरी मान्य?

पुष्कळदा हो. आपल्याकडचंच उदाहरण आहे. नवी मुंबईतलं डी. वाय. पाटील स्टेडियम खासगी आहे. २०१७ च्या मुलांच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाचा उपांत्य सामना आणि २०२२ च्या मुलींच्या विश्वचषकाची अंतिम लढत तिथेच झाली, आणि देशातल्या कित्येक सरकारी स्टेडियमांपेक्षा ते नीटनेटकं आहे. चालवणं खासगी हातात द्यायला माझी हरकत नाही. चालवण्याचं कंत्राट संपतं, विक्री संपत नाही.

शेवटी व्यवहार फिसकटला का?

असोसिएशनच्या १२७ सदस्यांच्या परिषदेत एकमत होईना. परिषदेवर जिल्हा संघटना, क्लब, पंच, लष्करी दलं, विद्यापीठं असे सगळे असतात. बाहेरचे लोक तिला जुनाट म्हणतात. या प्रसंगात मात्र हाच जुना पसारा भिंतीसारखा उभा राहिला. ११ ऑक्टोबर २०१८ ला चर्चा झाली, २४ ऑक्टोबरला कौल घ्यायचा होता. त्याआधीच, १७ ऑक्टोबरला, खान यांनी प्रस्ताव मागे घेतला. फुटबॉलमध्ये फूट पाडून हे स्टेडियम नको, असा त्यांच्या निवेदनाचा सूर होता. त्यांनी घेतलेली माघार सभ्य होती.

संसदेच्या समितीपुढे इंग्लंडचा माजी खेळाडू गॅरी नेव्हिलने विक्रीला कडाडून विरोध केला होता. फुटबॉलच्या वरच्या थरात एवढा पैसा वाहत असताना तळासाठी घर विकायची पाळी का यावी, हा त्याचा सवाल होता. त्याला समाधानकारक उत्तर मिळालेलं मी तरी ऐकलं नाही.

महासाथीत स्टेडियम ओस पडलं तेव्हा पश्चात्ताप झाला नसेल?

हा प्रश्न रास्त आहे. २०२० मध्ये असोसिएशनने चार वर्षांत ३० कोटी पौंडांपर्यंत तोटा होऊ शकतो असा अंदाज मांडला आणि नोकरकपात केली. तेव्हा ६० कोटी बँकेत असते तर बरं झालं असतं, असं कुणालाही वाटेल. पण तो पैसा मैदानांसाठी म्हणून मागितला होता. संकटात तोच पगारांसाठी वापरला गेला असता तर स्टेडियमही गेलं आणि मैदानंही गेली. घडलं असं की २०२१ मध्ये त्याच वेम्बलीवर पुरुषांच्या युरोचा अंतिम सामना झाला. स्टेडियम टिकलं, संस्थाही टिकली.

इतर देशांनी काय केलं?

२०१८ मध्येच स्कॉटलंड नेमकं उलट्या वाटेने गेलं. ग्लासगोतलं हॅम्पडेन पार्क हे तिथलं राष्ट्रीय स्टेडियम क्वीन्स पार्क या क्लबचं होतं. स्कॉटिश असोसिएशनने दोन उद्योजकांच्या मदतीने ते ५० लाख पौंडांत विकत घ्यायचं ठरवलं.

फ्रान्सचं पॅरिसजवळचं राष्ट्रीय स्टेडियम स्टाड द फ्रान्स सरकारी आहे. तीस वर्षांच्या कंत्राटाने ते बांधणाऱ्या कंपन्यांनीच चालवलं. २०२३ मध्ये सरकारने विक्रीचा पर्यायही खुला ठेवला, पण अखेर पुन्हा तीस वर्षांचं चालवण्याचं कंत्राटच दिलं गेलं.

रिओच्या माराकानाची कथा दुखरी आहे. २०१३ मध्ये ते दीर्घ मुदतीच्या कंत्राटाने खासगी समूहाकडे गेलं. २०१६ च्या ऑलिम्पिकनंतर दुरुस्ती कुणी करायची यावर भांडण लागलं आणि २०१७ च्या सुरुवातीला गवत वाळलेलं, खुर्च्या उखडलेल्या, वीज तोडलेली, अशी त्या मैदानाची छायाचित्रं जगभर गेली. पुढे फ्लामेंगो आणि फ्लुमिनेन्से या तिथेच खेळणाऱ्या क्लबांनी ते चालवायला घेतल्यावर परिस्थिती सावरली. माराकाना विकलेलं नव्हतं, फक्त चालवायला दिलं होतं, म्हणून परत हातात घेता आलं.

क्लबांची मैदानं विकली जातात तेव्हा काय होतं?

डर्बी काउंटीने २०१८ मध्ये आपलं स्टेडियम स्वतःच्याच मालकाच्या कंपनीला विकलं. हिशेबाची वही गोंडस दिसावी हा हेतू. २०२१ मध्ये क्लबचं दिवाळं निघालं आणि क्लब वाचवणाऱ्यापुढे दुहेरी काम आलं: स्टेडियम वेगळं सोडवा, क्लब वेगळा सोडवा. कोव्हेंट्री सिटीचं स्वतःचं मैदान उरलं नव्हतं, म्हणून एक हंगाम नॉर्दम्प्टनला आणि नंतर दोन हंगाम बर्मिंगहॅमला जाऊन ‘घरचे’ सामने खेळावे लागले.

चेल्सीच्या चाहत्यांनी मात्र शहाणपणाची तजवीज केली आहे. मैदानाची जमीन चाहत्यांच्या भागभांडवलातून बनलेल्या कंपनीच्या नावे आहे. २०११ मध्ये तेव्हाचे मालक अब्रामोविच यांना ती परत हवी होती. ७५ टक्के मतं लागणार होती, मिळाली ६१.६ टक्के. जमीन चाहत्यांकडेच राहिली. आता २०२५ च्या कायद्याने इंग्लंडमधल्या वरच्या पाच स्तरांतल्या क्लबांना घरचं मैदान विकण्यापूर्वी स्वतंत्र नियामकाची मंजुरी लागते. हा कायदा क्लबांसाठी आहे, राष्ट्रीय स्टेडियमला तो लागू नाही.

विकायचं नाही, तर मैदानांना पैसा कुठून आणायचा?

प्रीमियर लीगच्या प्रक्षेपण हक्कांतून, खेळाडूंच्या दलालांना मिळणाऱ्या रकमांवर आकारणी करून, आणि सरकारच्या नियमित तरतुदीतून. लीग, असोसिएशन आणि सरकार मिळून मैदानांना अनुदान देणारी संस्था २००० सालापासून अस्तित्वात आहेच. विक्री बारगळल्यावर काही वर्षांतच सरकारने मैदानांसाठी वीस कोटी पौंडांहून मोठी तरतूद जाहीर केली. विकल्याशिवाय पैसा येणारच नाही, हे खरं नव्हतं.

आपल्याला या सगळ्याशी काय देणंघेणं?

लंडनचं महाराष्ट्र मंडळ त्याच ब्रेंट भागात आहे, त्यामुळे तिथल्या मराठी माणसांना वेम्बलीच्या सामन्याच्या दिवशीची गर्दी ओळखीची आहे. पण त्याहून जवळचा संबंध आहे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये सार्वजनिक मालमत्तांमधून पैसा उभारण्याची जी मोठी योजना आखली, तिच्यात क्रीडा स्टेडियमही होती आणि दिल्लीचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम त्यांपैकी एक. ती योजना मालकी सरकारकडे ठेवून ठरावीक मुदतीसाठी हक्क देण्याची होती, विक्रीची नव्हे. हा फरक मोठा आहे, पण तो कागदावर टिकतो की नाही हे करारातल्या कलमांवर ठरतं.

म्हणून फातोर्डा असो, बालेवाडी असो की जिल्ह्याचं क्रीडा संकुल, असा करार होईल तेव्हा रकमेच्या आधी तीन गोष्टी विचारा. वर्षातले किती दिवस खेळासाठी राखीव आहेत, आणि ते कोणत्या महिन्यांतले? त्यातले किती दिवस शाळांच्या, मुलींच्या आणि जिल्हा स्पर्धांच्या वाट्याला आहेत? कंत्राटदाराने हात वर केले तर मैदानाला पाणी कोण घालणार, आणि कुणाच्या खर्चाने? ही उत्तरं करारात आकड्यांसह लिहिलेली नसतील, तर माहिती अधिकारात ती मागता येतात, आणि सही होण्याआधी मागितली तर त्यांचा उपयोग होतो.